वीस फेऱ्यांचा फरक

दोन वर्षं समुद्रात काढून
रबाळ्याच्या शेडमध्ये ट्रेलरवरून उतरलं यंत्र.
निळा रंग पोपडे धरलेला, बोल्टांवर मिठाची साय,
आणि आत, एकाच अंगाला, दगड झालेला चिखल.
"एका कुशीवर निजलंय," हसुराम केणी म्हणाले
आणि छिन्नी घेऊन बसले.

मी वहीत लिहिलं : कंपन अकरा.
चालतं साडेचारपर्यंत.

विहिरीतून वर येणारा चिखल विहिरीचा नसतो.
तो आपणच कालवून खाली सोडलेला असतो,
ड्रिलचं तोंड गार ठेवायला,
फुटलेला खडक उचलून आणायला.
भरड चुरा जाळीवर अडतो.
बारीक अडत नाही. तो पुन्हा खाली जातो,
पुन्हा दळला जातो, आणखी बारीक होऊन येतो,
आणि मग एक दिवस
त्याला चिखलापासून वेगळा म्हणताच येत नाही.
पंप धापा टाकतो. ड्रिल जागच्या जागी घासत राहतं.
त्याच्या आत त्याला धरायचं,
मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी.

हे मी ड्रॉइंग पसरून सांगत होते,
नोकरीचा चौथा महिना, जिभेवर ताजं पुस्तक.
हा पाँड, म्हटलं, चिखल इथे साठतो,
ह्या चकत्या फिरवून खोली ठरवायची.
आणि पुढचा निमुळता चढ, त्याला बीच म्हणतात.
गाळ चढावर येतो, निथळतो, बाहेर पडतो.

हसुराम हसले, दात नसलेल्या बाजूने.
"यो तं आपला मिठागर हाय गो बाय."

त्यांचा बाप तळवलीच्या खाडीलगत
कोंडीतलं पाणी बोटावर घेऊन सांगायचा, अजून चार दिवस.
मग फळीने मीठ बांधाच्या चढावर ओढायचा
आणि निथळू द्यायचा.
घाई करणारं तिथे कुणीच नव्हतं, ऊनसुद्धा नाही.
आम्ही तेच काम करतो
कणाकणावर दोन हजारपट वजन लादून.

मळसूत्राच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या.
आठवडाभर लाद्या बसवल्या, घासल्या,
कुठे चार ग्रॅम काढले, कुठे सहा चढवले.
शनिवारी चहा घेताना त्यांनी विचारलं,
बाहेरचं नळकांडं फिरतं, आतलं मळसूत्रही फिरतं,
दोघं एकाच दिशेला, मग गाळ ढकलतं कोण?

फरक, म्हटलं. हे तीन हजार, ते वीसने कमी.
गाळ चढतो तो त्या विसांवर.
"नि फरकच नसला तं?"
मग काहीच हलत नाही. आतल्या आत दगड होतो.

त्यांनी बशी खाली ठेवली.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, दोन भाऊ, सतरा वर्षं.
गावदेवीच्या पालखीला जोमा पुढच्या दांडीला,
हे मागच्या दांडीला. पाऊल पावलाला जुळलेलं.
मयताला शेजारी शेजारी उभे.
भांडण? छे. आवाज कधी चढला नाही.
"कोन कमी नाय, कोन जास्ती नाय,"
ते म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

सोमवारी चाचणी. बेंटोनाइटचं पाणी आत सोडलं.
काटा थरथरला, दोनावर येऊन थांबला.
एका तोंडाने निवळ पाणी,
दुसऱ्या तोंडाने ओला, ठिसूळ, राखाडी गाळ.
हसुरामनी मूठभर घेतला, दाबला, मूठ उघडली.
बोटांचा ठसा तसाच राहिला.
"पानी नाय सुटत," एवढंच म्हणाले.

सहाला शिफ्ट सुटली तेव्हा
पहिल्या दिवशी छिन्नीने काढलेला तो ढेकूळ
त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला.
कुणाला दाखवणार, मी विचारलं नाही.
ते गेटबाहेर पडले. घर उजवीकडे, ते डावीकडे वळले,
पिशवीच्या ओझ्याने
एका अंगाला जरासे झुकलेले.